घरच्यांना पत्रिका नसते

कार्डिफ, १८ मार्च २०२५

चि. साकेत,

आशीर्वाद आहेत असं धरून चाल.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझा फोन आणि तुझ्या काकांचा आयपॅड एकमेकांना जोडले गेलेत. मी कोणाला काही लिहिलं की ते किचनमध्ये वाजतं, आणि हे चष्मा लावून मोठ्याने वाचतात. परवा डेंटिस्टने माझ्या दाढेबद्दल कळवलेलं सगळं त्यांनी पोहे खाता खाता मलाच वाचून दाखवलं. पस्तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं, पण या माणसाला गप्प करायचं औषध काही सापडलं नाही. तेव्हा उत्तर पत्रानेच दे. पाकिटावर माझं पूर्ण नाव घाल. नुसतं ‘डॉ. बेहेरे’ लिहिलंस तर हेही डॉक्टर, आधी फोडतील.

शिल्पा फोनवर म्हणाली की तिचा लेक चार दिवस जपानला चाललाय, तेही तोयामा नावाच्या गावी. लोक टोकियो बघतात, तुला हे कुठे सापडलं? पण योगायोग बघ, आपली वरदा तिथेच असते.

तिचं तुला माहीत आहेच. डॉक्टर झाली, दोन वर्षं हॉस्पिटलात काढली आणि एक दिवस म्हणाली, मला काच फुंकायला शिकायचंय. माझी आई जन्मभर चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली. त्या फुंकणीतून सुटायला मी मिरजेला मेडिकलला गेले, तिथून इथे आले. आणि माझी पोर जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काय करते? फुंकणीच. मी तेव्हा म्हणाले होते, हे खूळ उतरेल तेव्हा घरी ये. आमच्या घरात माझं कोणी ऐकत नाही, हे मात्र तिने तंतोतंत ऐकलं. तीन वर्षं झाली.

१७ मेला काकांना पंच्याहत्तर पूर्ण होतात. हॉल घेतलाय, पत्रिका गेल्यात. वरदा येणार की नाही, हे मला कळायला हवं. तू तिला सहज भेट. विचारू नकोस, फक्त कळून घे. मी पाठवलं हे तिला सांगायचं नाही, आणि काकांना तर नाहीच. हे तीन वर्षं म्हणतायत, “फोन कर तिला,” आणि मी म्हणतेय, “ती करेल.” मी माघार घेतली हे त्यांना कळलं, तर पंच्याहत्तरीचं भाषण त्यावरच होईल.

सोबत तिच्यासाठी थर्मलच्या दोन जोड्या. तिथे बर्फ असतं म्हणे. तूच घेतलेस असं सांग.

आत्या

*

वॉटफर्ड, २४ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. पत्र मिळालं. आईने फोडलं नाही, पण पाकीट खिडकीसमोर धरून बघितलं हे खरं.

वरदा तोयामात असते? मला खरंच कल्पना नव्हती. काय एकेक योगायोग.

मी तिथे चाललोय ते बर्फाच्या भिंती बघायला. म्हणजे आधी मी आणि देव टोकियोला जाणार होतो. (देव, गार्डन सेंटरमधला माझा मित्र. गेल्या उन्हाळ्यात तुझ्याकडे सात पुरणपोळ्या खाऊन गेला तो.) मग देवला गर्लफ्रेंड मिळाली आणि टोकियो राहिलं. तेवढ्यात मी एक फोटो बघितला. दोन्ही बाजूंना पाच मजली बर्फ आणि मधल्या रस्त्याने बस चाललेली. खाली लिहिलं होतं, तोयामा. लगेच बुक केलं. गार्डन सेंटर सोडलंय, पण ते बाबांना सावकाश सांगणार आहे. ए-लेव्हलची परीक्षा सोडल्याचं मी त्यांना रिझल्टच्या दिवशी सांगितलं होतं, ते टायमिंग चुकलं.

काकांची पत्रिका फार भारी आहे. मला पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या नावाची पत्रिका आली, ‘श्री. साकेत’. बाबांच्या नावाखाली ‘आणि परिवार’ नाही. फ्रिजवर लावली आहे.

विचारायचं नाही, फक्त कळून घ्यायचं, हे लक्षात ठेवलंय. दोन्हींत फरक काय ते तिथे गेल्यावर समजेलच. एक अडचण आहे. थर्मल लेडीज मीडियम आहेत. मीच घेतले म्हणायला जरा जड जाईल.

साकेत

*

तोयामा, १० एप्रिल

प्रिय आत्या,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी वॉटफर्डला पोचून आठवडा झाला असेल. पण तू म्हणालीस पत्र, म्हणून पत्र.

आधी वाईट बातमी. बर्फाच्या भिंती पंधरा तारखेला उघडतात. मी बाराला निघतो. हे वेबसाइटवर लिहिलेलं होतं, जपानीत होतं, आणि इंग्लिशमध्येही होतं. डोंगर मात्र हॉटेलच्या जिन्यातून दिसतात, अख्खी रांग पांढरीशुभ्र. खोली इतकी लहान आहे की बॅग उघडायची तर मला बेडवर चढावं लागतं, त्यामुळे बराच वेळ मी जिन्यातच असतो.

पहिल्या दिवशी वरदाकडे जायला निघालो आणि उलट्या दिशेची ट्राम पकडली. उतरायला हवं होतं. पण ऊन छान येत होतं आणि ड्रायव्हर प्रत्येक सिग्नलला बोट दाखवून स्वतःलाच काहीतरी बजावत होता. हा माणूस स्वतःला काय सांगतो हे बघण्यात शेवटचा स्टॉप आला. तिथे बंदर. एक आजोबा होडी रंगवत होते, त्यांनी काही न बोलता दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. ते कधी सोडायचं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारता येईना. दुपार गेली. संध्याकाळी ते वाकले, मी वाकलो, ते परत वाकले, मग मीही. आपल्याकडे हळदीकुंकवाला “येते हं” म्हणून बायका दारात तासभर उभ्या राहतात ना, तसं, फक्त न बोलता.

येतो, वरदावर येतो.

काल गेलो. वर्कशॉप म्हणजे नदीकाठची पत्र्याची शेड. बाहेर चेरीला बहर, आत अकराशे डिग्रीची भट्टी. वरदा अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टमध्ये, घामाने निथळत, हातात लांब नळी. अशा माणसाला मी थर्मल दिले.

“हे काय?”

“थंडी असते ना इथे. दिसले म्हणून घेतले.”

तिने लेबल बघितलं. “साकेत, हा लेडीज मीडियम आहे. आईनी पाठवला ना?”

“छे.”

“रिसीट आतमध्येच आहे. कार्डिफचा.”

आत्या, रिसीट काढायची ना गं! पस्तीस वर्षं तू ऑपरेशनच्या आधी माणसं तपासत होतीस.

तरी मी विचारलं नाही. फक्त म्हणालो, “मे महिन्यात काय करतेस?” ती म्हणाली, “काच.” मग तिने नळी पुन्हा भट्टीत घातली. शेवटी तीच म्हणाली, “बाबांचा सेव्हंटी-फाइव्ह आहे, मला माहीत आहे. मला कार्ड नाही आला. तुला आला. देवला पण आला. मी कशी येणार?” बोलताना ती नळी फिरवतच होती. थांबलं तर काच एका बाजूला लोंबते म्हणे. काच लोंबली नाही, पण तिचा आवाज लोंबला.

मला तुला शिकवायचं नाहीये, पण शंभर लोकांना पत्रिका पाठवायची, त्यात सात पुरणपोळ्या खाणारा देव, आणि सख्खी मुलगी नाही? मी तिला सांगितलं, पोस्टात गहाळ झाली असेल. ती म्हणाली, “आईचा पोस्ट कधी गहाळ होत नाही.” ते पटलं.

म्हणजे कळून घेतलं. ती येत नाहीये.

साकेत

ता. क. इथे काळं रामेन, म्हणजे नूडल्सचं सूप, मिळतं. एवढं खारट की काकांचं ब्लडप्रेशर नुसत्या वासाने वाढेल.

*

कार्डिफ, २१ एप्रिल

साकेत,

पत्रिका! अरे, घरच्या माणसाला कोणी पत्रिका देतं का? पत्रिका परक्यांना असते. उद्या मी यांनाही पोस्टाने पाठवू का, ‘आपल्या वाढदिवसाला आपण सहकुटुंब यावे’ म्हणून?

आणि तू ती वाचलीस तरी का, की आपलं नाव बघितलंस आणि फ्रिजवर लावलीस? उठ आणि खालची ओळ वाच. ‘आपल्या नम्र, डॉ. सुलक्षणा बेहेरे, डॉ. वरदा बेहेरे.’ ती बोलावणाऱ्यांत आहे. हे लोक तिच्या नावाने येणार आहेत. छापणारा विचारत होता, एकच नाव घालू का, ओळ मोठी होते. म्हटलं, होऊ दे.

मुलीला माहेरी बोलावणं लागलं, म्हणजे ते माहेर राहिलं का? मला माझ्या आईने कधी पत्रिका दिली नाही. भावाच्या लग्नाची सुद्धा नाही. मी चार दिवस आधी जाऊन वड्या थापत बसले होते.

आणि मला हे सांग, कोणाकोणाला पत्रिका गेली हे तिला तोयामात बसून कळलं कसं?

आत्या

*

वॉटफर्ड, २५ एप्रिल

प्रिय आत्या,

खालची ओळ वाचली. फ्रिजवर त्या ओळीवरच पिझ्झावाल्याचं मॅग्नेट होतं. हे कारण नाही, फक्त परिस्थिती सांगतोय.

पत्रिका परक्यांना असते हे समजलं. म्हणजे मी महिनाभर अभिमानाने फ्रिजवर माझं परकेपण लावून ठेवलं होतं. आई आत्ता हसतेय. तिला हे आधीपासून माहीत होतं.

आता कबुली. तिला पत्रिकेचा फोटो मीच पाठवला. वरच्या अर्ध्या भागाचा, जिथे माझं नाव होतं. देवला आली हेही मीच सांगितलं. आणि तोयामाचा योगायोग वगैरे काही नव्हता. बर्फाचा फोटो वरदानेच पाठवला होता, ‘ये, चेरी पण असतो’ असं लिहून. आम्ही तीन वर्षं बोलतोय. तिने सांगितलं होतं की आईला सांगू नको. तू सांगितलंस वरदाला सांगू नको. मी दोघींचं ऐकलं, आणि आता दोघी माझ्यावर चिडणार.

काल तिला फोन केला, ओळ वाचून दाखवली.

ती म्हणाली, “होस्ट? मी? मला कोणी विचारलाच नाही!”

मी म्हणालो, “घरच्यांना विचारत नाहीत. हेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे.”

“आणि डॉक्टर कशाला लिहिला?”

“आत्याला विचार.”

मागे भट्टीचा आवाज येत होता. मग म्हणाली, “साकेत, आई बोलली होती, खूळ गेला की ये. माझा गेला नाही. मग मी कशी येऊ? तिने एकदा म्हणू दे, ‘ये.’ बस. एक शब्द.”

एक शब्द आहे, आत्या. अक्षरही एकच. हॉलचं बुकिंग करताना तू याहून जास्त बोलली असशील.

साकेत

*

कार्डिफ, ३० एप्रिल

चि. साकेत,

तुम्ही बोलता हे मला माहीत होतं. शिल्पाच्या पोटात काही राहत नाही. तोयामा म्हटल्यावर मला कळलंच. योगायोग हा शब्द मी तुझ्या सोयीसाठी वापरला होता.

डॉक्टर लिहिलं, कारण ती आहे. डिग्री काही लायब्ररीचं पुस्तक नव्हे, परत करायला.

आता तो शब्द. तुला वाटतं मी अहंकार करतेय. थोडा आहे, नाही म्हणत नाही. पण नीट ऐक. मी ‘ये’ म्हटलं की ती पाहुणी झाली. आणि पाहुण्याला ‘जमणार नाही’ म्हणता येतं. ती म्हणेल, आई, वर्कशॉप आहे, तिकीट नाही, सॉरी. तिला ‘नाही’ म्हणायला मीच जागा करून दिली, असं होईल. पत्रिकेत नाव घातलं तेव्हा ती जागाच ठेवली नव्हती मी. आली तर घरची म्हणून आली, नाही आली तर प्रवास लांबचा. मी विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर मग मी सतरा तारखेला हॉलच्या दारात कशी उभी राहू? सगळे विचारणार, वरदा कुठे आहे.

हे यांना बोलले नाहीये. तुलाच बोलतेय, कारण तू विसरतोस.

आत्या

*

वॉटफर्ड, ३ मे

प्रिय आत्या,

हे नाही विसरलो.

माझा कान सुजला होता तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि तुझ्याकडे आलो होतो. तुझ्याच हॉस्पिटलात सुई टोचायची होती आणि मी टेबलाखाली जाऊन बसलो. तू खाली बसून म्हणालीस, “शार्प स्क्रॅच, एवढंच.” आणि टोचलंस. दुखलं. खूप दुखलं. तुम्ही लोक ते सगळ्यांना तसंच सांगता.

आता तुझी पाळी. शार्प स्क्रॅच.

मला कळत नाही मी बरोबर आहे का. मी आजवर एकही गोष्ट पूर्ण केलेली नाही, त्यामुळे माझा सल्ला किती घ्यायचा ते तू ठरव. पण ती तिथे रोज एवढ्या उष्णतेत उभी असते, आणि वाट बघते एका शब्दाची. तू इथे दाराची काळजी करतेस.

बाबांना गार्डन सेंटरचं सांगितलं. टायमिंग परत चुकलं.

साकेत

*

कार्डिफ, २५ मे, रविवार

चि. साकेत,

तू समारंभाला होतास, तेव्हा जे दिसलं ते परत लिहीत नाही. यांच्या त्या मित्रांनी, शशिधरकाकांनी, भाषण लांबवलं, पनीर कमी पडलं, आणि दारात वरदा उभी होती हे तू बघितलंस. तू न बघितलेलं लिहिते.

तुझं पत्र आलं त्यावर दोन दिवस गेले. मग ८ मेला, हे ऑप्टिशियनकडे गेले असताना, मी तिला लिहायला बसले. एक शब्द लिहायचा होता. चार पानं झाली. त्यात काय आहे ते तुला सांगणार नाही. आजवर कोणाला बोलले नाही, यांनाही नाही, असं काही आहे. माझ्या आईबद्दल आहे. मला काय व्हायचं होतं, ते आहे. तीन वर्षांपूर्वी रागाने बोलले तेव्हा मी खरी कोणावर चिडले होते, तेही आहे. परत वाचलं असतं तर टाकलं नसतं, म्हणून न वाचता ट्रॅकिंग करून पोस्टात टाकलं.

१५ तारखेला ती आली. संध्याकाळी आम्ही जेवायला बसतो तेव्हा. बॅग ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, “काय काय करायचा राहिला आहे?” मला वाटलं, पत्र वाचून आली. दोन दिवस मी तिच्याशी लाजल्यासारखी वागत होते. ती चहा ठेवायची तरी मला वाटायचं, मुद्दाम ठेवतेय. काकांनी विचारलं, तुला ताप आहे का.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी हॉलमध्ये खुर्च्या मांडत होतो. मी धीर करून म्हणाले, “आलीस ते बरं केलंस. माझं पत्र…” तिचं लक्ष नव्हतं, खुर्च्या मोजत होती. म्हणाली, “तू तर एक फोन पण नाही केला, आई. मी अशीच आले. साकेत म्हणाला लिस्टवर नाव आहे. मग मला आठवला, लहानपणी तू आणि बाबा ख्रिसमसला पण हॉस्पिटलला जायचे. ड्यूटीच्या रोटावर नाव असेल तर कोणी ‘प्लीज ये’ म्हणत नाही ना. जायचा असतो.”

मी मोबाइल काढून ट्रॅकिंग बघितलं. ‘डिलिव्हर्ड, १६ मे.’ म्हणजे ती तिथून निघाल्यावर दोन दिवसांनी.

म्हणजे मी बरोबर होते. बोलावणं लागलं नाही, पोर घरची म्हणूनच आली. पस्तीस वर्षांत एवढं अचूक निदान माझं झालं नव्हतं. आणि ते चार पानी पाकीट तिच्या दारातल्या पेटीत पडलंय.

त्या क्षणी पहिला विचार तुझाच आला, खोटं नाही बोलत. साकेतला परत पाठवू का? रिकामाच आहे. जाऊन पेटीतून काढून आणेल. मग आठवलं, तू उलट्या ट्राममध्ये बसशील.

मग ठरवलं, तिलाच सांगायचं. काल दुपारी मीच गाडीने तिला हीथ्रोला सोडलं. हे येणार होते, त्यांना मी क्रिकेट बघायला बसवलं. अडीच तास आम्ही दोघीच. वाक्य तयार होतं: घरी एक जुनं पाकीट आलं असेल, त्यात विशेष काही नाही, टाकून दे. न्यूपोर्टला म्हणणार होते, तेवढ्यात तिने रेडिओ लावला. स्विंडनला म्हणणार होते, ती झोपली होती. रेडिंगला आम्ही कॉफी घेतली, आणि तिने मला तिच्या हातावरचे भाजल्याचे डाग दाखवले, एकेक, कुठला कशाने. डॉक्टर म्हणून बघितले. चांगले भरलेत. ती स्वतःच ड्रेसिंग करते, शेडमधल्या बाकीच्यांचंही तीच करते. माझ्याकडे बोलायला पूर्ण पाऊण तास होता. मी तीनदा विचारलं, पासपोर्ट घेतलास ना.

आत वळताना ती म्हणाली, “आई, काही बोलायचा होता का?”

मी म्हणाले, “नाही. पोचलीस की कळव.”

खरं सांगू, तेव्हा टाकून दे म्हणावंसं वाटलंच नाही.

आता इथे दुपारचा दीड वाजलाय. तिथे रात्रीचे साडेनऊ. विमान वेळेवर उतरलं, ट्रेनचं मी बघितलं, तीही वेळेवर होती. स्टेशनवरून ट्रामने पंधरा मिनिटं, आणि मग दोन जिने, बॅग जड आहे. म्हणजे आत्ता ती खालच्या पेटीशी असेल, नाहीतर वर पोचून दिवा लावत असेल.

आता लिहवत नाही. थांबते.

आत्या